मागच्याने वाचावं म्हणून

पहाटे साडेपाच

सिलतऱ्यात शटर उघडण्याआधी ते पुसायचं असतं. रात्रभर स्पंज आयर्नच्या भट्ट्या चालू असतात. सकाळी कुलूप, पाटी, शेजारच्या टपरीचा बाक, सगळ्यावर काळी बारीक पूड बसलेली असते. इतरांना ती खोकल्यापायी नको असते, मला धंद्यापायी. स्टिकरच्या चिकाखाली एक कण राहिला तरी फोड येतो, आणि फोड दिसला की गिऱ्हाईक पैसे कापतं.

माझं काम गाड्यांवर अक्षरं लावण्याचं. रेडियम, व्हिनाइल, क्रोमचे बॅज, नावं, देवांची चित्रं. रायपूरहून बिलासपूर रस्त्याला लागलात, भनपुरी आणि रावांभाठ्याचं बंजारी मंदिर मागे पडलं, की धुराडी दिसायला लागतात. सारडा, गोदावरी, जायस्वाल निको. ही शेवटची तर नागपूरचीच, त्यामुळे तिच्या फाटकावर अधूनमधून मराठी ऐकू येतं. आत लोखंड बनतं आणि बाहेर ते आणणाऱ्या-नेणाऱ्या गाड्यांची रांग असते. माझं पोट रांगेवर.

घर रायपूरच्या तात्यापाऱ्यात. रायपूर आणि नागपूर एकाच मध्यप्रांतात होते तेव्हा आजोबा इकडे आले, आणि १९५६ साली प्रांत तुटला तरी परत गेले नाहीत. वडील ब्रशने ट्रक रंगवायचे. मी प्लॉटरवर कापतो.

वैशाखात बाहेरचं काम उन्हाच्या आधी उरकावं लागतं. दहानंतर पत्रा इतका तापतो की चिक टेकताक्षणी धरतो. वाकडं बसलेलं अक्षर उचलून सरळ करायला मिळत नाही. तापलेलं व्हिनाइल ताणलं जातं आणि संध्याकाळी गार पडलं की कडेने आक्रसतं. म्हणून पत्रा सकाळी आणि पाचनंतर, मधल्या वेळात कॉम्प्युटर.

सहा

पहिली गाडी एमएच ४० चा ट्रेलर. बिलेट भरायला आलाय, फाटकावर नंबर लागायला वेळ आहे. ड्रायव्हर उमरेडकडचा.

"देवरीले धरलं ना भाऊ," तो म्हणतो. "म्हणे मांगची पट्टी कुठी हाय?"

पट्टी होती, पण धूळ आणि डांबर खाऊन विझली होती. आता नवी लावायची.

"लालच लावून द्या सगळीकडून. झ्याक दिसते."

"नाही लावता येत. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल."

"काहून पण?"

हे काहून सांगायला मला आवडतं. ट्रेलर फाटकात वळताना आख्खा रस्ता अडवून उभा राहतो. रात्री लांबून येणाऱ्याला नुसती चमकणारी रेघ दिसते. ती लाल असली तर गाडी तो जातोय त्याच दिशेला तोंड करून आहे, कदाचित चालतेही आहे. पिवळी असली तर रस्त्यात भिंत आहे. तेवढ्या माहितीवर पाय ब्रेकवर किती जोरात पडायचा ते ठरतं. सगळीकडे लाल लावणं म्हणजे त्याला खोटं सांगणं.

पटलं की नाही कोण जाणे, पण तो गप्प बसून बिडी ओढतो. माझ्या हाताखालचा पोरगा पत्रा आधी थिनरने, मग कोरड्या फडक्याने पुसतो. मी पट्टी लावत पुढे सरकतो. लांब ट्रेलरला वेळ लागतो.

केबिनवर कंपनीचा आकडा आहे: ५५३०. नवख्याला तो मॉडेलचा नंबर वाटतो, आहेही. पण त्यात सगळं सांगितलेलं आहे. ५५ म्हणजे मालासकट आख्ख्या गाडीचं वजन टनात, ३० म्हणजे तीनशे अश्वशक्ती. जुनी १६१३ म्हणजे सोळा टन आणि एकशेतीस. मर्सिडीजच्या ॲक्ट्रॉसवरचं १८४५ असंच वाचायचं, अठरा टन आणि साडेचारशे. टाटांचे ट्रक १९५४ ते १९६९ या काळात बेन्झशी करार करूनच निघत होते, तेव्हा जाळीवर तीन टोकांचा तारा असायचा. करार संपला, तारा गेला, तिथे टी आला. आकडा लिहिण्याची रीत मात्र दोन्ही घरांत सारखीच दिसते.

गाड्यांवर जेवढी म्हणून जाहिरात छापलेली असते, तिच्यात मला हा आकडा सर्वांत सरळ वाटतो. ना विशेषण, ना इंग्रजी झेड. किती ओढते आणि कशाच्या जोरावर, बस. अर्थात सरळ गोष्टीलाही वाकडी करणारे भेटतात. जुलै २०१८ मध्ये सरकारने ॲक्सलवरचं कायदेशीर वजन वाढवलं. पंचवीस टनांची दहाचाकी अठ्ठावीसवर गेली, एकतीसची बाराचाकी पस्तीसवर. कंपन्यांनी बॅज बदलले, २५१८ ची २८१८ झाली आणि ३११८ ची ३५१८. मग माझ्याकडे जुन्या २५१८ चे मालक यायला लागले: पाचाचा आठ करून द्या. अहो, काट्यावर गाडी चढली की वजन बघतात, नोंदणीच्या कागदाशी ताडून. बॅजला कोण विचारतं? पण करून घेतलं लोकांनी. एका अक्षराचे पैसे मिळाले.

सात

एक जुनी १६१३ येते, मालक स्वतःच चालवणारा, बेमेतऱ्याकडचा. मागचा फाळका नव्याने रंगवायचाय आणि तो ब्रशनेच हवाय. ब्रशचं काम मी आता क्वचित घेतो, पण हात विसरलेला नाही. वर "जय सतनाम", मधे कमळ, खाली डावीकडे "हॉर्न प्लीज", उजवीकडे "पावर ब्रेक". महाराष्ट्रात २०१५ साली परिवहन खात्याने ट्रकमागचं "हॉर्न ओके प्लीज" बंद केलं, विनाकारण हॉर्नला आमंत्रण नको म्हणून. इकडे चालतं. चालतं म्हणजे कोणी बघत नाही.

"पावर ब्रेक" लिहिताना मला वडील आठवतात. त्यांच्या वेळी हवेच्या दाबाचा ब्रेक असलेल्या गाड्या आणि साधा पायाच्या जोराचा ब्रेक असलेल्या गाड्या एकाच रस्त्यावर होत्या. ज्याचा ब्रेक चांगला, त्याने मागे लिहून ठेवायचं. यात बढाई होतीच, पण मुख्य सांगणं वेगळं होतं: बाबा रे, मी पटकन थांबतो, तू थांबू शकणार नाहीस, अंतर ठेव.

हे आपल्याकडचं खूळ नाही. १९२० च्या दशकात युरोप-अमेरिकेत चारही चाकांना ब्रेक असलेल्या गाड्या आल्या. त्याआधी बहुतेक गाड्यांना मागच्याच दोन चाकांना असायचे. नव्या गाड्यांच्या पाठीवर लाल त्रिकोण लावत, त्यात लिहिलेलं असे: फोर व्हील ब्रेक्स. गाडीच्या गुणाची पाठीवर लावलेली पाटी, आणि तीच धोक्याची सूचना. गुण मालकाचा, उपयोग मागच्याचा. माझ्या दुकानात दिवसभर जी अक्षरं येतात-जातात, ती मी मनात याच तागडीत घालतो.

आज सगळ्याच मोठ्या ट्रकांना हवेचे ब्रेक आहेत, नव्यांना एबीएसही. फाळक्यावरचं "पावर ब्रेक" आता कुंकवासारखं झालंय, असावं म्हणून असतं. बेमेतऱ्याच्या मालकाला मी म्हटलं, हे वगळू का? तो म्हणाला, "नइ, अधूरा लागही."

आठ

पोहे, जिलबी, चहा. पोऱ्याच्या डब्यात बासी आहे, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, ती तो दुपारी खाणार.

हायवावाले आले की घाई. (टिपरला इकडे कोणी टिपर म्हणत नाही, हायवाच.) आजच्याला केबिनच्या दोन्ही बाजूंना निळ्या अक्षरांत "बीएस ६" हवंय, अगदी कंपनीसारखं. त्याची गाडी बीएस ४ आहे. १ एप्रिल २०२० नंतर देशात बीएस ६ शिवाय नवी गाडी विकली जात नाही, तेव्हा ही त्याआधीची.

"कशाला हवंय?"

"नई लगेगी."

मी कापून देतो. खोटं आहे, पण फसणारा कोणी नाही. तपासणारा आरटीओवाला मोबाइलवर नंबर टाकतो आणि गाडीची कुंडली बघतो. काचेच्या आत नंबर प्लेटबरोबर मिळणारं छोटं स्टिकर असतं, डिझेलला नारंगी, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळं. ऑक्टोबर २०२० पासून बीएस ६ गाडीच्या त्या स्टिकरला वर एक सेंटिमीटरची हिरवी पट्टी असते. ती मी विकत नाही आणि विकणारही नाही. शिवाय युरियाची टाकीच नसलेला बीएस ६ हायवा पाहून समोरचा चहावालाही हसेल.

नाही म्हणतो ते वेगळ्या गोष्टींना. "पोलीस", "प्रेस", "भारत सरकार". ओळखपत्र दाखवल्याशिवाय यातलं एकही अक्षर प्लॉटरवर चढत नाही. त्यापायी गिऱ्हाइकं गेली आहेत. जाऊ देत.

साडेनऊ

आता कारवाले. प्लांटमधले सुपरवायझर, ठेकेदार, लोखंडाचे दलाल. ट्रकवाला काय लिहायचं ते सांगतो, कारवाला विचारतो, "क्या क्या है आपके पास?" भिंतीवर क्रोमचे बॅज टांगलेले आहेत: टर्बो, ४×४, स्पोर्ट, व्हीएक्सआय, झेडएक्सआय. प्लास्टिकला चकाकी, मागे डबल टेप. एक तरुण मारुतीची एलएक्सआय घेऊन आलाय. त्याला झेडएक्सआय हवंय.

"एलएक्सआय सबसे नीचे वाला है ना, भैया," तो आवाज खाली आणून सांगतो, जसं काही मला ठाऊकच नाही.

टेबलाखाली बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे. गाड्यांवरून काढलेले बॅज मी त्यात टाकतो. काही भंगारवाल्याकडून आलेले. कधी वेळ असला की ते टेबलावर मांडतो. ॲम्बॅसॅडरचं "१८०० आयएसझेड", म्हणजे इसुझूचं इंजिन. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियरचं "१३७ डी", डिझेल पद्मिनी. मग मारुती ८०० चं "एमपीएफआय".

हे एमपीएफआय मजेशीर आहे. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरोचे नियम लावले, आधी युरो एक आणि वर्षभरात युरो दोन. कार्ब्युरेटरने ते जमेना, म्हणून कंपन्यांनी पेट्रोल पिचकारीने सोडणारी यंत्रणा बसवली आणि तिचं नाव मागच्या दारावर चिकटवलं. कोर्टाने करायला लावलेली गोष्ट गुण म्हणून विकली! रायपूरसारख्या गावात लोक "एमपीएफआय है" असं अभिमानाने सांगायचे. पुढे कार्ब्युरेटरची कार उरलीच नाही, आणि बॅजही गेला.

त्याच्या शेजारी इंडिकाचा "व्ही २". पुण्याची ही गाडी १९९८ च्या शेवटी आली तेव्हा बुकिंगला झुंबड आणि मागोमाग तक्रारींचाही ढीग. टाटांनी दुरुस्त्या केल्या, २००१ मध्ये गाडी पुन्हा उतरवली आणि पाठीवर लिहिलं, दुसरी आवृत्ती. माझ्या डब्यातला हा सर्वांत प्रामाणिक बॅज. पहिलीत चुकलं होतं हे त्यात कबूल आहे, आणि तरी तो मिरवायचा बॅज झाला. टॅक्सीवाल्यांनी तर इंडिका हे नावच टाकून दिलं, नुसतं "व्ही टू" म्हणायचे.

मग डिझेलची अक्षरं. ह्युंदाई ॲक्सेंटचं "सीआरडीआय", २००२. टाटांचं "डायकॉर", महिंद्राचं "सीआरडीई", मारुतीचं "डीडीआयएस". चारही नावांच्या पोटात एकच गोष्ट, जास्त दाबाने डिझेल सोडणारी कॉमन रेल. प्रत्येकाने आपलं बारसं वेगळं केलं. दुचाकीत पाहायचं तर बजाज पल्सरचं "डीटीएस-आय", २००३, एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. आकुर्डीच्या कंपनीचं ते स्टिकर मी इथे कितीतरी पोरांना साध्या गाड्यांवर लावून दिलंय.

आणि डब्यातला माझा लाडका: एमजी हेक्टरचं "इंटरनेट इनसाइड", २०१९. एका अपघातातल्या गाडीच्या पत्र्यावरून निघालेलं. गाडीवर लिहिलंय, आत इंटरनेट आहे! ज्याच्या खिशात फोन आहे त्या प्रत्येकाच्या सायकलवरही मग हे लिहायला हरकत नाही. शंभर वर्षांनी कुणाला हा बॅज सापडला तर तो बिचारा बॉनेट उघडून बघेल.

एवढी वर्षं ही अक्षरं काढता-लावता एक गोष्ट ध्यानात आलीय. सगळ्यांना मिळालेल्या गुणाचा बॅज टिकत नाही, आणि सगळ्यांना ते मिळतं ते बहुतेक वेळा कायद्याने. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस लागला, तेव्हापासून काचेवरचं एबीएसचं स्टिकर लावून मागायला कोणी आलेलं नाही. पुढच्या दोन एअरबॅग २०२२ पासून सक्तीच्या, त्यांचंही तेच. सहा एअरबॅगची सक्ती होणार होणार म्हणून गाजलं, मग सप्टेंबर २०२३ मध्ये गडकरींनी ती करणार नसल्याचं सांगितलं. म्हणून "सहा एअरबॅग" अजून जाहिरातीत आहेत. त्याच वर्षी भारत एनकॅपच्या टकरीच्या चाचण्या सुरू झाल्या, आता ताऱ्यांचं क्यूआर स्टिकर गाडीवर येऊ लागलंय. त्यात वाचण्यासारखं तरी काही आहे. फोन धरला की कोणत्या टकरीत काय झालं ते दिसतं.

झेडएक्सआयवाला मात्र माझ्या तागडीत कुठेच बसत नाही. हा बॅज गाडीच्या पाठीवर असणार. चालवताना त्याला तो दिसणार नाही. सिग्नलला मागे उभा असलेला अनोळखी माणूस तो वाचणार, आणि त्या माणसाला त्यातून काहीही मिळणार नाही, आत टचस्क्रीन आहे हे कळून तो काय करणार? पण लग्नाचं बघणं चालू आहे असं त्या तरुणाने जाता जाता सांगितलं. म्हणजे वाचणारा ठरलेला होता. मी पट्टीने मोजून बॅज अगदी कंपनीच्या जागी लावला. जागा चुकली की जाणकार सासरा ओळखतो.

साडेबारा

बाहेर उभं राहवत नाही. कुलर लावून कॉम्प्युटरवर कोरल उघडतो.

एका कारखान्याची नवी ॲम्ब्युलन्स यायची आहे. पुढच्या बाजूला इंग्रजी अक्षरं उलटी, आरशातली. म्हणजे पुढच्या गाडीवाल्याला त्याच्या आरशात ती सुलटी दिसतात. पोऱ्याने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला वाटलं मी रोल उलटा घातला. "भैया, गलत होगे!" आज तोच मिररचं बटण दाबतो.

ही युक्ती मिरवण्यासाठीही वापरून झाली आहे. १९७३ साली बीएमडब्ल्यूने "२००२ टर्बो" नावाची गाडी काढली आणि तिच्या नाकाखाली हेच नाव उलट्या अक्षरांत रंगवलं. पुढच्याने आरशात वाचावं आणि बाजूला व्हावं. जर्मनीत त्यावर ओरड झाली, त्यात तेलाचं संकट आलं, आणि जेमतेम १,६७२ गाड्या बनून ती बंद पडली. ॲम्ब्युलन्सही बाजूला हो म्हणते, ती गाडीही तेच म्हणत होती. एकीला लोक वाट देतात, दुसरीला शिव्या.

दुसरं काम ऑक्सिजनच्या टँकरचं. पोलाद कारखान्यांना तो द्रवरूपात लागतो. टँकरवर आणीबाणीच्या माहितीचा फलक लागतो, मोटार वाहन नियमांतला १३४ वा नियम: पदार्थाचं नाव, त्याचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक, धोक्याचं चित्र, फोन नंबर. द्रव ऑक्सिजनचा क्रमांक १०७३, डिझेलचा १२०२. टँकर उलटला तर अग्निशमनवाला दुर्बिणीतून हा आकडा वाचतो आणि पाणी मारायचं की लांब राहायचं ते ठरवतो. या फलकाला मी घाई करत नाही. अक्षरांची उंची मोजतो, रंग जुळवतो, तयार झाल्यावर बाहेर उन्हात नेऊन लांबून वाचून बघतो. मालकाला मात्र याचीच सर्वांत घाई असते, आणि भावही तो याचाच सर्वांत जास्त पाडतो.

दोन

पोरगा बासी खातो, कांदा आणि हिरवी मिरची लावून. मला थोडी देतो. घरून आलेल्या पोळीभाजीपेक्षा या दिवसांत तीच गोड लागते. मग दोघेही तासभर आडवे.

चार

बॅज लावणारे रोजचे, काढून घेणारे महिन्याकाठी थोडे. आज एक मोठी एसयूव्ही आहे, मालक चाळिशीतला, शर्ट इस्त्रीचा. मागचं सगळं काढायचंय: मॉडेलचं नाव, इंजिनाची अक्षरं, डीलरचं स्टिकर.

काढायला जास्त पैसे लागतात हे ऐकून लोकांना राग येतो. हेअर ड्रायरने चिक नरम करायचा, मासेमारीचा बारीक दोरा बॅजच्या मागून करवतीसारखा फिरवायचा, मग उरलेला टेप बोटाने चोळून चोळून काढायचा. नखाने किंवा ब्लेडने गेलात की रंग गेला. आणि सगळं साफ केल्यावरही नाव जात नाही. बॅजखालचा रंग मूळचा ताजा असतो, भोवतालचा उन्हाने फिकटलेला, त्यामुळे तिरक्या उजेडात अक्षरं पुन्हा वाचता येतात. पॉलिश करून ती पुष्कळशी मिटतात, पुरती मिटायला वेळ जावा लागतो.

का काढतात? जर्मनीत नवी गाडी घेतानाच मागचं मॉडेलचं नाव नको असं सांगता येतं. तिथेही दोन तऱ्हेची माणसं ते मागत असणार, आणि माझ्याकडेही दोनच येतात. एकाच्या गाडीत दिसतं त्याहून कमी असतं, दुसऱ्याच्या गाडीत जास्त. या इस्त्रीवाल्या साहेबांचं कुठलं, ते मी अक्षरं काढताना वाचलं. सांगणार नाही. तेवढ्यासाठीच तर त्यांनी पैसे दिले.

सहा

पत्रा हाताला सोसायला लागतो. टाटीबंधहून सरदारजी आलेत, दोन नव्या बाराचाक्या घेऊन. एका गाडीच्या केबिनवर पाच इंच उंचीच्या अक्षरांत त्यांना लिहून हवंय: एसी केबिन.

ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या साडेतीन टनांवरच्या सगळ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. माझ्या डब्याच्या नियमाप्रमाणे हा बॅज मरायला टेकलेला. मी तसं म्हटलं.

"पाजी, आता सगळ्याच नव्या गाड्यांना एसी येणार. पैसे कशाला घालवता?"

"नव्यांना येणार. रस्त्यावर जुन्या किती आहेत?"

"पण वाचणार कोण?"

"ड्रायव्हर वाचेल."

मला क्षणभर उलगडेना. त्यांच्याच दोन गाड्या महिनाभर उभ्या होत्या, म्हणाले, चालवायला माणूस नव्हता. ट्रकवाल्यांची पोरं आता ट्रकवर चढत नाहीत. रायपूरला मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, इंजिनाच्या उष्णतेसकट केबिनमध्ये काय होत असेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा. मग ढाब्यावर खाटेवर पडलेला दुसऱ्याचा ड्रायव्हर ही पाटी वाचेल, यांच्या ड्रायव्हरला विचारेल, पगार किती, एसी खरंच चालवू देतो का मालक?

"म्हणून मागे नको," सरदारजी म्हणाले. "दारावर लिही. खाटेवरून दिसलं पाहिजे."

आम्ही खरोखर चहावाल्याची खाट ओढून आणली, पोरगा तिच्यावर आडवा झाला, मी कागदाची अक्षरं दारावर धरून वरखाली केली. पाच इंच कमी पडत होते. सात केले.

मला वाटत होतं की बॅजचे वाचक दोनच, मागचा आणि सासरा. हा तिसरा निघाला. आणि या पाटीने त्या वाचकाला खरंच काही मिळतं, निदान विचारायला एक प्रश्न तरी. एसी चालवू देतात की नाही, हे मात्र मला दारावर लिहिता येत नाही.

साडेआठ

आवरता आवरता एक तीनचाकी इलेक्ट्रिक लोडर येतो. सिलतऱ्याच्या फेज दोनच्या गल्ल्यांत वेल्डिंगचे सिलिंडर पोचवणारा. गाडी नवी, नंबराची पाटी हिरवी, तिच्यावर पिवळी अक्षरं. त्याला मागे लिहून हवंय, "इलेक्ट्रिक वाहन, प्रदूषणमुक्त".

धुराड्यांच्या मधोमध "प्रदूषणमुक्त" लिहिणं मला अवघड नव्हतं, पण मी विचारलं, कोणाला सांगायचंय? हिरवी पाटी सांगतेच आहे. तो म्हणाला, सांगायचं असं नाही, अडचण अशी आहे की गाडीला आवाजच नाही. गल्लीत लोक पाठ करून माल उतरवत असतात, कानात कारखान्याचा धडधडाट. हॉर्न वाजवला तर दचकून समोरच येतात. काल एक बाई थोडक्यात वाचली.

"मग मागे कशाला? पुढे लिहू. समोरून पाहणारा तरी सावध होईल."

आता मजकूर. त्याचा होता: "सावधान, यह इलेक्ट्रिक गाड़ी है, इसमें आवाज़ नहीं आती, कृपया देखकर चलें." अक्षरामागे पैसे म्हटल्यावर त्याने स्वतःच अर्धा कापला. मी आणखी कापला. तरी लोडरच्या नाकावर ते मावेना. पोरगा कोपऱ्यात कचरा व्हिनाइल गोळा करत होता, तो तिथूनच म्हणाला, "भैया, हमर बोली मा लिख देव ना. बिन आवाज के गाड़ी हे, देख के गा."

दोन ओळींत बसलं. लोडरवाल्याने बोटावर अक्षरं मोजली आणि म्हणाला, शेवटचं "गा" काढा, तेवढेच पैसे वाचतील. पोरगा म्हणाला, गा काढलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटेल, कोणी ऐकणार नाही. दोघांची पाच मिनिटं जुंपली. "गा"चे पैसे मी सोडले.